मदत हवी आहे: फुगा लावूनही वजन कमी दाखवतंय

नववीच्या मुलांना द्रव्य अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेच्या आधी आणि नंतर एकूण वस्तुमान तेवढंच राहतं) वायू तयार होणाऱ्या अभिक्रियेत दाखवायचाय. बाटलीत 100 मिली व्हिनेगर, फुग्यात 5 ग्रॅम खायचा सोडा, फुगा तोंडावर घट्ट ओढून सगळं काट्यावर ठेवलं आणि मग सोडा आत पाडला. फुगा मस्त फुगतो पण काटा दीड ग्रॅमच्या आसपास कमी दाखवतो. काटा 0.01 ग्रॅमचा आहे, वजन ठेवून तपासलाय, तोंडाला टेप लावली, साबणाच्या पाण्यात बुडबुडे नाहीत, तरी तेच.

माझा हिशोब असा की साधारण 2.6 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे सव्वा-दीड लिटर फुगा, तेवढी हवा बाजूला सरते आणि हवा लिटरला 1.2 ग्रॅम, म्हणजे घट हवेच्या उत्प्लावक बलाचीच (हवा फुग्याला वर ढकलते त्याची) असणार. पण मुलांना नुसतं सांगून पटत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे, डोळ्यासमोर आकडा कमी होतोय ना! बेरियम क्लोराइडवाला प्रयोग सुचवू नका, तो झालाय, त्यात वायू नाही. काचेची बाटली बंद करायची नाहीये.

आता 2 लिटरच्या प्लॅस्टिकच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत 2 ग्रॅमच सोडा घालून झाकण लावायचं म्हणतोय, म्हणजे फुग्यासारखं आकारमान वाढणार नाही. कोणी केलंय का, आणि झाकण घट्ट बसेपर्यंत सोडा व्हिनेगरपासून वेगळा कसा ठेवलात?