‘अनलॉक झाली’ला मराठीत काय म्हणायचं?

राजारामपुरी बेकरी:
मंडळी, बेकरीसाठी ॲप सुरू केलंय. त्यात एकापुढं एक तीन ऑफर लावल्यात. पहिलीत ४ वेळा खरेदी झाली की दुसरी सुरू, दुसरीत ६ वेळा झाली की तिसरी. आधीची पुरी झाल्याशिवाय पुढचीत खरेदी धरायचीच नाही, असं बसवलंय. ते चालतंय झकास. अडलंय शब्दावर. पोरानं मेसेज लिहिला, ‘अभिनंदन! तुमची दुसरी मोहीम अनलॉक झाली.’ काल पलीकडच्या गल्लीतल्या मावशी पिशवी घेऊन काउंटरवर हजर. “झालंय न्हवं अनलॉक? दे की मग नानकटाई.” म्हटलं, मावशी, ती आत्ता कुठं सुरू झालीय, अजून ६ वेळा यायचंय. “मग अभिनंदन कशाचं केलंस रं?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. दिली पाव किलो बांधून. असं रोज परवडायचं नाही, शब्द सुचवा.

चप्पल लाईन:
‘कुलूप निघालं’ लिही. विषय संपला.

मास्तर:
संपला कुठं, आता सुरू झाला. ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’वरून आलेला, येताना फ आणि लची अदलाबदल झालेली. शब्द घरचाच झालाय, तक्रार नाही. पण कुलूप निघालं म्हटल्यावर माणूस आत काय आहे तेच बघणार. मावशींनी तेच केलं. शिवाय ‘मोहीम’ आधी काढा. मोहिमेवर दुकानदार असतो, गिऱ्हाईक नाही. पल्स पोलिओची मोहीम आरोग्य खात्याची, बाळाची नव्हे.

प्रूफवाली:
मास्तरांशी सहमत. ‘अनलॉक’ तर मराठीत वेगळ्याच वाटेनं रुळला. जून २०२० मध्ये ‘अनलॉक १’ आलं तेव्हा त्याचा अर्थ सगळ्यांनी काय घेतला? दुकानं उघडली, बंदी उठली. म्हणजे अडवलेलं मोकळं झालं. पुढं आणखी अटी आहेत हा अर्थ कुणाच्या डोक्यात बसला नाही. तोच शब्द तुम्ही बिस्किटाला लावलात.

राजारामपुरी बेकरी:
मग ‘दुसरी ऑफर उघडली’?

प्रूफवाली:
दादा, ‘उघडली’त एक गोम आहे. ‘दार उघडलं’ म्हणजे दार आपलं आपण उघडलं, की कुणीतरी उघडलं? मराठीत दोन्हीला हेच रूप चालतं. तुमच्याकडं ते गिऱ्हाइकाच्या खरेदीमुळं उघडतं, आणि तेवढंच नेमकं सांगितलं जात नाही. ‘ऑफर उघडी पडली’ तर चुकूनही लिहू नका. ‘खुलली’ही नको, खुलतो तो चेहरा किंवा रंग. ‘खुली झाली’ चालेल, पण सरकारी वाटतं.

पाटबंधारे (निवृत्त):
आपलं आपण उघडणारं दार बघायचं असेल तर राधानगरी धरणावर या. ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की दार उघडतं, उतरलं की मिटतं. बटण दाबायला माणूस लागत नाही. बेकरीवाल्यांना मात्र माझा प्रश्न आहे. गिऱ्हाइकानं चौथा केक परत केला तर तुमची दुसरी ऑफर मिटते का?

राजारामपुरी बेकरी:
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता बघितलं. मिटत नाही. एकदा सुरू झाली की सुरूच.

पाटबंधारे (निवृत्त):
मग ‘दार’ नका म्हणू, राधानगरीचं दार मिटतं. तुमचं पुढं गेलेलं मागं येत नाही, म्हणून ‘टप्पा’ म्हणा. आणि दुसरं. पावसाळ्यात कोल्हापूरकर काय विचारतो? राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? इशारा ३९ ला, धोका ४३ ला, शाळेतल्या पोरालाही पाठ. ‘इशारा पातळी अनलॉक झाली’ असं कोण म्हणत नाही. किती झालं आणि किती राहिलं, एवढं सांगितलं की माणूस पुढचं आपलं आपण ओळखतो.

चप्पल लाईन:
काका, नाद खुळा! ‘पायरी’ कशी वाटते मग?

मास्तर:
‘तुमची पायरी दुसरी’ असं लिहून बघा, उद्या दुकानावर दगड येतील. ‘टप्पा’च बरा. आणि अभिनंदन बक्षीस हातात देताना करा.

गुजरीकर:
आमच्या सोन्याच्या भिशीत ११ हप्ते गिऱ्हाईक भरतं, बारावा दुकान घालतं. ‘अकरावा हप्ता जमा, बारावा आमचा’, एवढंच पुस्तकावर लिहितात. कुणी बारावा पाचव्या महिन्यात मागायला आलेलं नाही.

राजारामपुरी बेकरी:
बघा जमतंय का: ‘पहिल्या टप्प्यातल्या ४ खरेद्या झाल्या. आजपासून दुसरा टप्पा सुरू. ३० दिवसांत आणखी ६ वेळा या, पाव किलो नानकटाई आमच्याकडून.’

प्रूफवाली:
एक दुरुस्ती. ‘६ वेळा या’ नाही, ‘६ वेळा खरेदी करा’. नाहीतर मावशी नुसत्या येऊन जातील.