अ‍ॅबाचा 'व्हॉयेज': चाळीस वर्षांनी परत यायची गरज होती का?

साईड_बी:
अ‍ॅबा ह्या स्वीडिश पॉप ग्रुपचा 'व्हॉयेज' अल्बम परत सलग ऐकला आणि आता राहवत नाही म्हणून धागा काढतेय. 'द व्हिजिटर्स' आला नोव्हेंबर 1981 ला आणि त्यानंतरचा अल्बम थेट 5 नोव्हेंबर 2021 ला, मधे चाळीस वर्षं! बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की नुसता जुन्या आठवणींवर विकलाय. मला हे अजिबात पटत नाही. ह्यात ही माणसं तरुण असल्याचं दाखवायला जात नाहीत, आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडलं. तेव्हा ग्रुपमधल्या दोघी गायिकांपैकी फ्रीडा 75 ची, अग्नेथा 71 ची, आवाज खाली उतरलेत आणि ते लपवलेलं नाही. 'आय स्टिल हॅव फेथ इन यू' ची सुरुवात फ्रीडा ज्या भारदस्त आवाजात करते तो आवाज तिशीतल्या फ्रीडाकडे नव्हताच. विरोधी मतं जरूर लिहा, फक्त पूर्ण अल्बम ऐकून लिहा.

खरखर:
पूर्ण ऐकलाय, म्हणूनच लिहितोय. 2018 मधे त्यांनी सांगितलं होतं की दोन नवीन गाणी रेकॉर्ड केलीत, तिथेच थांबायला हवं होतं. ती दोन चांगलीच आहेत, 'डोन्ट शट मी डाऊन' तर जबरदस्त. पण बाकीचं काय? 'लिटिल थिंग्ज' हे नाताळचं गाणं, शेवटी लहान मुलांचा कोरस, इतकं गोड की ऐकवत नाही. 'बम्बलबी' मधे बागेतला भुंगा आणि त्यावरून हवामानाची काळजी, विषय चांगला पण चाल जागची हलत नाही. 'जस्ट अ नोशन' तर 1978 चं उरलेलं गाणं. आणि तरुण असल्याचं दाखवत नाहीत म्हणताय, तर मे 2022 मधे लंडनला त्यांच्या डिजिटल प्रतिमांचा जो शो सुरू झाला त्यात पडद्यावर 1979 चे चेहरे आहेत ना? मला तरी हा अल्बम त्या शोची जाहिरात वाटतो.

पेटीवाला:
खरखर, 'जस्ट अ नोशन' बद्दल थोडं थांबा. त्यात गळे 1978 चेच ठेवलेत आणि मागचं वाजवणं ग्रुपमधल्या बेनीने नव्याने केलंय. म्हणजे एकाच अल्बममधे त्याच दोघी बायका तिशीच्या आसपासच्या पण ऐकू येतात आणि सत्तरीतल्या पण, अशी संधी कुठे मिळते? मला तर त्या गाण्यामुळेच बाकीच्या नऊ गाण्यांमधला फरक नीट कळला. आपल्याकडे वय झालं की गवई पट्टी उतरवतात आणि ऐकणारे ते मान्य करतात, उलट ठेहराव आला म्हणून कौतुक करतात. पॉपवाल्यांनी तेच केलं की लगेच 'आता थांबा' कशाला?

टेपडेक:
आवाजाचं मान्य, पण रेकॉर्डिंगचं कोणीच बोलत नाहीये. जुन्या अ‍ॅबाचा जो साऊंड आहे त्यात मायकेल ट्रेटो ह्या इंजिनियरचा मोठा वाटा होता, टेपचा वेग किंचित बदलून तोच भाग परत रेकॉर्ड करायचा, मग दोन थर एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत आणि ती भिंतीसारखी भरगच्च चमक येते. इथे ट्रेटो नाही. 'व्हॉयेज' स्वच्छ आहे, नीटनेटका आहे, पण स्पीकर मोठा केला की छातीत काही होत नाही. ड्रम तर फारच सभ्य झालेत. माझी तक्रार वयाशी नाही, मिक्सिंगशी आहे.

उन्हाळी:
'कीप अ‍ॅन आय ऑन डॅन' वर कोणीच कसं लिहिलं नाही? घटस्फोट झालेली आई मुलाला वीकेंडसाठी बापाकडे सोडते, सूचना देते, गाडीत येऊन बसते आणि मग कोसळते, एवढंच गाणं. शब्द ग्रुपमधल्याच ब्यॉर्नचे आणि गातेय अग्नेथा. दोघं एकेकाळचे नवराबायको, 1980 मधे घटस्फोट झालेला, मुलं लहान होती तेव्हा. आणि शेवटी पियानोवर त्यांच्याच जुन्या 'एसओएस' गाण्याचा तुकडा येतो, 1975 चा! मी स्वतः दोन घरांत वाढलेय, मला हे गाणं रस्त्यात ऐकता येत नाही. ज्यांना अल्बम म्हणजे जाहिरात वाटते त्यांनी हे एक गाणं नीट ऐका.

खरखर:
उन्हाळी, हे गाणं खरंच चांगलं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण एका डॅनसाठी अख्खा अल्बम महान म्हणायचा का? 'द व्हिजिटर्स' मधे असं एक गाणं शोधावं लागत नाही.

पंचमप्रेमी:
थोडं अवांतर. अ‍ॅबाशी आपली ओळख 'हम किसीसे कम नहीं' (1977) पासूनची, त्यातल्या 'मिल गया हमको साथी' ची चाल अ‍ॅबाच्या 'मम्मा मिया' वरूनच उचललेली. 'व्हॉयेज' मधलं 'व्हेन यू डान्स्ड विथ मी' ऐका, आयरिश लोकसंगीताचा बाज आहे, पंचमने ऐकलं असतं तर त्याचंही हिंदीत काहीतरी केलं असतं. मला आवडला अल्बम. ग्रॅमीचं पहिलं नॉमिनेशन ह्याच अल्बममधल्या गाण्याला मिळालं, ऐन भरात असताना एकही नाही, ह्याचा मला अजून राग आहे.

खरखर:
ते नॉमिनेशन जुन्या कामाची भरपाई होती हो. गाणं चांगलं आहे पण 'डान्सिंग क्वीन' ला द्यायचं ते ह्याला दिलं.

साईड_बी:
जाहिरातीच्या मुद्द्यावर येते. शो सुरू झाला तेव्हा त्यात ह्या अल्बममधली गाणी किती होती? दोन. बाकी सगळी जुनी. जाहिरातच करायची होती तर बाकीची आठ कशाला बनवली?

खरखर:
तेच तर म्हणतोय मी. ती आठ त्यांनाच शोमधे घ्यावीशी वाटली नाहीत!

उन्हाळी:
कशी घेणार? तिथे लोक नाचायला येतात, 'वॉटर्लू' आणि 'व्हूले-व्हू' च्या मधे डॅनची आई गाडीत बसून रडतेय हे कसं चालेल. हे घरी दिवा बंद करून, हेडफोन लावून ऐकायचं गाणं आहे. 'आय कॅन बी दॅट वुमन' पण तसंच. शोमधे नाहीत म्हणून ती गाणी कमी दर्जाची होत नाहीत.

टेपडेक:
हेडफोनवर ऐकणारच असाल तर सीडीवर ऐका, आणि त्याच आवाजाला लगेच 'द व्हिजिटर्स' लावा. मग ड्रमबद्दल परत इथे या, मी थांबलोय.