‘अपाचे काढा, एंजिनएक्स टाका’ म्हणणाऱ्यांनी आधी मेमरीचा हिशेब मांडावा

परळचा_प्रशासक (धागाकर्ता)

काल इथे एक सल्ला वाचला: ‘दिवाळी अंकाची साइट गर्दीत बसते? अपाचे काढा, एंजिनएक्स टाका, दहा मिनिटांचं काम, साइट आपोआप पळेल.’ खाली ‘+१’ आणि ‘सहमत’ची रांग. अपाचे आणि एंजिनएक्स हे दोन्ही वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पोचवणारे प्रोग्रॅम. पण एकानेही विचारलं नाही की साइट बसते कशामुळे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

उबुंटू किंवा डेबियनवर अपाचेबरोबर मोड-पीएचपी (अपाचेच्या आतच पीएचपी चालवणारं मॉड्यूल) टाकलं की प्रीफोर्क (दर कनेक्शनला एक अख्खी प्रोसेस वापरायची पद्धत) आलंच. म्हणजे अपाचेच्या प्रत्येक प्रोसेसच्या पोटात अख्खा पीएचपी बसतो. लोगो द्यायचा असो वा सीएसएस, तीच जाड प्रोसेस कामाला लागते आणि कीप-अलाइव्हची, म्हणजे कनेक्शन उघडं ठेवण्याची, ५ सेकंदं अडकून राहते. डेबियनच्या फाइलीत मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स (एका वेळी जास्तीत जास्त किती विनंत्या) १५० असतं. वर्डप्रेसची प्रोसेस ६० एमबीची धरली तर १५० गुणिले ६० म्हणजे ९ जीबी. मशीन ४ जीबीचं! गर्दी वाढली की आधी स्वॅप (डिस्कवरची पर्यायी मेमरी), मग कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा), आणि तो बहुतेक वेळा सर्वांत मोठी प्रोसेस उचलतो, म्हणजे मायएसक्यूएल हा डेटाबेस. पानावर डेटाबेस जोडला जात नाही असा संदेश येतो आणि लोक डेटाबेसला शिव्या देत बसतात.

यावरचा उपाय अपाचे न काढता होतो. पीएचपी-एफपीएमचं (पीएचपी अपाचेबाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारं) पॅकेज टाका. पीएचपीचं मॉड्यूल आणि प्रीफोर्क बंद करा. इव्हेंट एमपीएम (हलक्या थ्रेडवर विनंत्या घेणारी अपाचेची पद्धत), प्रॉक्सी-एफसीजीआय (विनंती एफपीएमकडे पोचवणारं मॉड्यूल) आणि सेटएनव्हइफ चालू करा, मग एफपीएमची तयार कॉन्फ चालू करा. कॉन्फिगटेस्ट घ्या आणि रीस्टार्ट द्या. एमपीएम बदलल्यावर नुसतं रीलोड पुरत नाही. आता चित्रं हलक्या थ्रेडवरून जातात आणि पीएचपीच्या प्रोसेस किती हे एफपीएम ठरवतं.

त्यानंतरचा आकडा मात्र तुम्हालाच काढावा लागतो. ४ जीबीतून मायएसक्यूएलला १ जीबी आणि बाकी सिस्टिमला साधारण ७०० एमबी सोडा. उरले २.३ जीबी. भागिले ६० म्हणजे ३८. मॅक्स चिल्ड्रन (एफपीएमच्या जास्तीत जास्त प्रोसेस) ३५ ठेवा. डेबियनच्या मूळ फाइलीत हा आकडा ५ आहे! तो न बदलता एंजिनएक्स लावणाऱ्याची साइट सहाव्या वाचकालाच रांगेत उभं करते.

कुर्ला_टर्मिनल

एवढं सगळं करून शेवटी एफपीएमवरच आलात ना? मग अपाचे का कुरवाळत बसायचं? एफपीएम पीएचपीच्या मूळ पॅकेजमध्ये ५.३.३ पासून, म्हणजे २०१० पासून आहे. एंजिनएक्स २००४ पासून आहे. ही काही कालची फॅशन नाही.

तुम्ही मंद कनेक्शनचा मुद्दाच टाळलात. आपला वाचक लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर वाचतो. मध्येच नेटवर्क गेलं की त्याचं पान अर्ध्यात लटकतं. मोड-पीएचपीत पान मोठं असेल तर प्रोसेस त्याच्यासाठी खोळंबून राहते. एंजिनएक्स एफपीएमकडून उत्तर लगेच आपल्या बफरमध्ये ओढून घेतं, बफर भरला तर तात्पुरत्या फाइलीत टाकतं, आणि पीएचपीची प्रोसेस पुढच्या माणसाला मोकळी करतं. तुमच्या ३५ प्रोसेसची खरी किंमत तिथे कळते.

शिवाय फास्टसीजीआय कॅश, म्हणजे पीएचपीने बनवलेलं पान एंजिनएक्सने साठवून पुन्हा देणं. लॉगिन न केलेल्या वाचकाला तेच पान १० सेकंद कॅशमधून द्या. सेकंदाला शंभर जण आले तरी पीएचपीपर्यंत १० सेकंदांत एकच जातो. त्यासाठी कॅश लॉक (एकाच विनंतीला पान बनवू देणं) आणि यूज-स्टेलचं अपडेटिंग (नवं पान बनेपर्यंत जुनंच देणं) चालू ठेवा. फक्त लॉगिनची कुकी असेल तर कॅश टाळायचा नियम विसरू नका, नाहीतर संपादकाचं पान वाचकाला दिसेल.

परळचा_प्रशासक

@कुर्ला_टर्मिनल, कॅशचा मुद्दा मान्य. पण मग ‘कॅश लावा’ असं म्हणा, ‘अपाचे काढा’ कशाला? एका पानाला २०० मिलिसेकंद लागत असतील तर ३५ प्रोसेस सेकंदाला १७५ पानं देतात. इंडेक्स नसलेल्या क्वेरीमुळे त्याच पानाला २ सेकंद लागले तर जेमतेम १७. पुढे अपाचे असो वा एंजिनएक्स, हा भागाकार बदलत नाही. एफपीएममध्ये रिक्वेस्ट स्लोलॉग टाइमआउट २ सेकंद ठेवा आणि स्लोलॉगची फाइल द्या. कोणत्या फंक्शनवर पान अडकलं ते ओळीनिशी लिहून येतं. हे आधी करा, सर्व्हर नंतर बदला.

वसईची_वैजयंती

दोघेही वेगावर भांडताय आणि त्या सल्ल्यातली सर्वांत धोकादायक गोष्ट कुणी बोलतच नाही. एंजिनएक्स एचटीअ‍ॅक्सेस (फोल्डरमध्ये ठेवलेली अपाचेच्या नियमांची फाइल) वाचत नाही. अजिबात नाही. दहा मिनिटांत सर्व्हर बदलणाऱ्याचे सगळे बंदोबस्त त्या क्षणी गळून पडतात: एन्व्ह फाइल (पासवर्ड असतात ती), गिटचं फोल्डर (कोडचा इतिहास), बॅकअपची एसक्यूएल फाइल. काल ४०३ (प्रवेश नाही) मिळत होता तिथे आज पासवर्डसकट फाइल डाउनलोड होते. कुठेही एरर येत नाही, साइट छान दिसते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

बदलायचंच असेल तर आधी फाइंड लावून सगळ्या एचटीअ‍ॅक्सेस शोधा. प्रत्येक नियम सर्व्हर ब्लॉकमध्ये (एंजिनएक्सच्या कॉन्फमधला त्या साइटचा भाग) हाताने लिहा. टिंबाने सुरू होणारं सगळं बंद करा, फक्त वेल-नोन सोडा, कारण सर्टिफिकेटचं नूतनीकरण तिथून होतं. मग कर्लने एकेक पत्ता मारून बघा.

आणि अपलोडचं फोल्डर! तिथल्या पीएचपी फाइली नाकारणारा नियम साध्या पीएचपीच्या नियमाच्या वर लिहायला हवा. रेजेक्सच्या (पत्त्याचा नमुना जुळवणाऱ्या) लोकेशनांत जो आधी जुळतो तो लागू होतो. खाली लिहिलात तर तो तिथे शोभेला राहतो आणि घुसवलेली फाइल आरामात चालते. ट्राय-फाइल्समध्ये ४०४ ची अट (फाइल खरंच नसेल तर नकार) घातली नसेल आणि पाथ-इन्फो (फाइलीच्या नावापुढचा पत्त्याचा भाग) सैल असेल, तर ‘फोटो.जेपीजी’पुढे तिरकी रेघ आणि कुठलंही पीएचपी नाव जोडून फोटोच्या आत लपवलेला कोड चालवता येत असे. एफपीएमची लिमिट एक्स्टेन्शन्स (ठरलेल्या शेपटाच्याच फाइली चालवण्याची अट) हल्ली ते अडवते, पण ती रिकामी करून ठेवणारे महाभाग आहेत.

कुर्ला_टर्मिनल

वैजयंतीताई, ही चूक एंजिनएक्सची नाही, न वाचता काम करणाऱ्याची आहे. एचटीअ‍ॅक्सेस हीच मुळात वाईट सवय. ती चालू असली की अपाचे प्रत्येक विनंतीला वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरमध्ये ती फाइल आहे का ते शोधत बसतं. अपलोडचं फोल्डर लिहिण्याजोगं असेल तर हल्लेखोर स्वतःची एचटीअ‍ॅक्सेस टाकून तुमचे नियम पुसतो. याला तुम्ही बंदोबस्त म्हणता?

वसईची_वैजयंती

वाईट सवय आहे, हे मला शिकवू नका. नियम व्हर्च्युअल होस्टमध्ये लिहावेत, अलाउओव्हरराइड नन (एचटीअ‍ॅक्सेस वाचणं बंद) ठेवावं, अपलोडपुरतं पीएचपी फाइलींना रिक्वायर ऑल डिनाइड (सगळ्यांना मनाई) द्यावं, हे मीही सांगते. आणि नुसतं पीएचपी अडवून भागत नाही: डेबियनचा अपाचे पीएचटीएमएल आणि पीएचएआर ही शेपटंही चालवतो, तेही अडवा. पण ज्या माणसाला तुम्ही ‘दहा मिनिटांचं काम’ सांगताय त्याच्या साइटचं रक्षण आज त्याच वाईट सवयीवर उभं आहे. ती काढायच्या आधी त्याला तसं सांगणं तुमचं काम आहे.

गोरेगाव_पूर्व

मूळ विषय बाजूला ठेवून बोलतो, कारण हे कुणीतरी बोलायलाच हवं. सर्व्हर कुठलाही असो, शेवटी कोडचं अख्खं फोल्डर ७७७ (कुणालाही वाचता-लिहिता येईल असं) करून मोकळे होतात! वाचनालय, सोसायटी, मंडळ, प्रकाशक, कुणाचाही सर्व्हर उघडा. ‘परमिशन डिनाइड’ दिसलं की ७७७. ते नाही तर सगळ्याची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला (वेब सर्व्हर ज्या युजरने चालतो तो), जे तितकंच वाईट आहे. एका प्लगिनमध्ये भोक सापडलं की घुसणारा साइटची प्रत्येक फाइल बदलू शकतो.

योग्य रचना अशी: कोडची मालकी वेगळ्या डिप्लॉय युजरकडे, गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, फोल्डर ७५०, फाइली ६४० (मालकाला लिहिता येतं, गटाला फक्त वाचता, बाकीच्यांना काहीच नाही). लिहायची परवानगी फक्त अपलोड आणि कॅशला. बस्स.

परळचा_प्रशासक

@गोरेगाव_पूर्व, पूर्ण सहमत. धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद.

दादर_कॅटलॉग

मी सहमत नाही. कोड लिहिण्याजोगा नाही म्हणजे वर्डप्रेसचं आपोआप अपडेट बंद. ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून, सुरक्षेची छोटी अपडेटं रात्रीतून आपोआप लागतात. छोट्या प्रकाशकाकडे रोज सर्व्हरवर बसणारं माणूस नसतं. तुमच्या ६४० मुळे ते भोक महिनोन्‌महिने उघडं राहील. पुस्तकी सुरक्षेपेक्षा वेळेवर लागलेलं अपडेट जास्त साइट वाचवतं.

गोरेगाव_पूर्व

पुस्तकी? डिप्लॉय युजरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेसची कमांड लाइन) ओळ टाका: गाभ्याची छोटी अपडेटं आणि सगळी प्लगिनं, रोज पहाटे. मालक तोच असल्यामुळे ७७७ लागत नाही आणि वेब प्रोसेसला कोडला हात लावता येत नाही. दोन ओळींचं काम आहे, त्याला कसला आलाय रोज बसणारा माणूस?

दादर_कॅटलॉग

आणि प्लगिनच्या अपडेटाने साइट पांढरी झाली की पहाटे कोण बघणार? गाभ्याची छोटी अपडेटं आणि कुठल्यातरी प्लगिनची मोठी उडी एकाच क्रॉनमध्ये घालणं हा निष्काळजीपणा आहे. शिवाय एकाच मशीनवर पाच अंकांच्या साइट, सगळ्यांचा एकच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा: तुमच्या ६४० नंतरही एका साइटचं भोक बाकी चौघांची कॉन्फ फाइल वाचतं, कारण गट एकच. त्याबद्दल चकार शब्द नाही!

गोरेगाव_पूर्व

गट एकच, हा मुद्दा बरोबर आहे. मी एका साइटचं धरून लिहिलं होतं. पाच साइट असतील तर पाच पूल (एफपीएमच्या प्रोसेसचे वेगवेगळे गट), प्रत्येकाचा वेगळा युजर, वेगळं सॉकेट (वेब सर्व्हर आणि एफपीएममधला दुवा). कोडचा गट म्हणजे त्या त्या पूलचा युजर. सॉकेटचा लिसन ग्रुप मात्र वेब सर्व्हरचा आणि मोड ०६६०. प्लगिनं क्रॉनमधून काढा, गाभा राहू द्या, इतपत मानतो. ७७७ बद्दल तडजोड नाही.

वसईची_वैजयंती

वेगळे पूल केलेत की एक गोष्ट हमखास घडते. एंजिनएक्स त्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून घेतलं असेल तर ते एंजिनएक्स नावाच्या युजरने चालतं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाने नाही. सॉकेटवर परवानगी नाही, वाचकाला ५०२ ची एरर, एरर लॉगमध्ये कंसात १३. तिथे सॉकेट ६६६ करू नका, लिसन ग्रुप सुधारा. वर, स्थिर फाइली सर्व्हर स्वतः वाचतो. फोल्डर ७५० आणि गट पूलचा असेल तर पान आलं तरी चित्रं येणार नाहीत. सर्व्हरच्या युजरला प्रत्येक पूलच्या गटात घाला, नाहीतर एसीएल (एकेका युजरला वेगळी परवानगी) लावा.

लॉगमध्ये १३ ऐवजी ११ दिसला तर गोष्ट वेगळी. परवानगी ठीक आहे, सॉकेटची रांग भरली आहे. तिथे परमिशनशी खेळून काही होणार नाही.

परळचा_प्रशासक

आणि पाच पूल म्हणजे पाच वेळा ३५ नव्हे! मेमरी तीच २.३ जीबी. अंक एकाच आठवड्यात येतात, गर्दीही एकाच वेळी. पाचही पूल ऑनडिमांड (गरज पडेल तेव्हाच प्रोसेस उघडणारे) ठेवा, पाचांच्या मॅक्स चिल्ड्रनची बेरीज ३८ च्या आत. पीएस आज्ञेतला आरएसएस (प्रोसेसची मेमरी) बघून भागाकार करणाऱ्यांसाठी: त्यात ओपकॅशची (पीएचपीच्या तयार कोडचा साठा) सामायिक मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते. पीएसएस (सामायिक मेमरी वाटून मोजणारा आकडा) बघा, आकडा कमी आणि खरा येतो.

कुर्ला_टर्मिनल

तो सल्ला मीच दिला होता, म्हणून शेवटचं मीच लिहितो. ‘दहा मिनिटांचं काम’ हे शब्द मागे घेतो. एचटीअ‍ॅक्सेसची यादी आधी काढायला हवी. एंजिनएक्स मागे घेत नाही. जे बदलतील त्यांनी एवढं बघा: क्लायंट मॅक्स बॉडी साइझ (एका विनंतीत किती मोठी फाइल चढवता येते) मुळात १ एमबी असते. अंकाचं मोठं मुखपृष्ठ चढवलं की ४१३ (फाइल फार मोठी) येतो. ती ३२ केली तरी पीएचपीची अपलोड मर्यादा २ एमबी आणि पोस्टची ८ आहे, तिन्ही एकत्र वाढवा, पोस्टची अपलोडपेक्षा थोडी जास्त. आणि अ‍ॅड-हेडर (उत्तरासोबत हेडर जोडणारी ओळ) एखाद्या लोकेशनमध्ये लिहिलंत की वरच्या पातळीवरची सगळी हेडरं तिथे लागू होत नाहीत, सुरक्षेचीसुद्धा.

परळचा_प्रशासक

@कुर्ला_टर्मिनल, मग एवढं जोडा: मोड-पीएचपी आणि प्रीफोर्कवर एचटीटीपी/२ चालत नाही, २.४.२७ पासून अपाचेनेच ते बंद केलं आहे. इव्हेंट आणि एफपीएमवर चालतं. आणि जुन्या एचटीअ‍ॅक्सेसमध्ये पीएचपी-व्हॅल्यूच्या (पीएचपीची सेटिंग बदलणाऱ्या) ओळी असतील तर एफपीएमवर जाताच ५०० येतो. त्या युजर आयएनआयमध्ये (फोल्डरमधली पीएचपीच्या सेटिंगची फाइल) हलवा. तिथला बदल लागू व्हायला ३०० सेकंदं लागू शकतात. तेवढ्यात ‘चालत नाही’ म्हणून पुन्हा मोड-पीएचपी चालू करू नका.

दादर_कॅटलॉग

@गोरेगाव_पूर्व, वेगळ्या पूलची एक नमुना कॉन्फ इथे टाका. सेशनच्या (लॉगिनची माहिती साठवणाऱ्या) फोल्डरसकट. तेही सगळ्यांचं एकच असतं आणि त्याबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही.