पुणे: महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी काम सुचवायचंय, नेमकं काय लिहू?

सिंहगडरोडकर:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ चाललाय. नागरिकांनी कामं सुचवायचा तो फॉर्म यावेळी भरायचाच असं ठरलं, पण लिहायचं काय यावर एकमत होईना. काकांना बाकडी हवीत, पोरांना ओपन जिम, आणि आई म्हणते बसस्टॉपपासून गल्लीपर्यंत सातनंतर मिट्ट अंधार असतो, आधी तिथे दिवा लावा. सगळं एकाच फॉर्मवर लिहिलं तर चालेल का? आणि खरंच होतात का ही कामं?

कात्रजची_सून:
होतात पण सगळी नाही होत. पुण्यात हे 2006-07 पासून चालू आहे, छोट्या कामांसाठी आहे, 5 लाखांच्या आतलं बघा, म्हणजे फुटपाथचा तुकडा, दिवे, चेंबर असलं. एका फॉर्मवर एकच काम लिहा, खिचडी केली की कुठल्या खात्याकडे पाठवायचं तेच कळत नाही त्यांना. आम्ही पहिल्या वर्षी "रस्ता दुरुस्त करा" एवढंच लिहून मोकळे झालो आणि तो रस्ता निघाला आमच्याच लेआउटमधला, बिल्डरने पालिकेच्या ताब्यात दिलेलाच नव्हता, फॉर्म बाद!! चूक आमचीच, सात-बारा सोडा, कोणी साधं विचारलंही नव्हतं. पुढच्या वेळी आधी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन जेईंना (कनिष्ठ अभियंत्यांना) भेटलो, त्यांना जागेवर आणलं, कुठून कुठपर्यंत ते टेपने मोजलं, फोटो जोडले. तेवढा फुटपाथ झाला. स्पीडब्रेकर मात्र लिहू नका, त्यात वाहतूक पोलीस पण येतात, ते लांबतं.

खांब_नंबर_१३:
दिव्याचं आधी नीट बघा हो. रात्री खांबाखाली उभं राहून वर बघा, दिवा बंद आहे की झाडात आहे? बंद असेल तर ती साधी तक्रार झाली, खांबावरचा नंबर द्यायचा. झाडात असेल तर उद्यान विभागाकडे फांद्या छाटायचा अर्ज. दोन्हीला बजेट कशाला लागतंय? आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन चढू नका, परवानगी लागते.

घाटकोपरवाला:
मुंबईत एएलएम आहे (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे पालिकेसोबत काम करणारे गल्लीतल्या रहिवाशांचे गट), 1997 पासून, सुरुवात आमच्याकडच्या जोशी लेनमधूनच झाली. ओला-सुका कचरा लोकांनी घरात वेगळा केला, गल्लीचं गाऱ्हाणं घेऊन वॉर्ड ऑफिसला एकत्र गेले. बऱ्याच एएलएम नंतर थंडावल्या कारण जाणारी माणसं तीच ती चार, ती म्हातारी झाली. तुमच्याकडे फॉर्मच्या मागे कोण धावणार ते आधी ठरवा.

सिंहगडरोडकर:
काल रात्री आईला घेऊन बघून आलो. दिवा चालू आहे!! गुलमोहरात पार बुडालाय, पानं तेवढी उजळलीत, रस्त्यावर काही नाही. छाटणीचा अर्ज आज देतोय. पण त्या अंधारात आई फुटपाथवरच्या एका उखडलेल्या चेंबरला अडखळली, तर फॉर्मवर आता तो फुटपाथ जातोय. काका रुसलेत, म्हणतात माझ्या बाकड्याचं काय.

कात्रजची_सून:
काकांना टेप धरायला न्या 😀