वृक्षगणना आता वरूनच करावी का?

नकाशेवाला (धागाकर्ता)
महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. माणसं आवारोआवार फिरतात, बुंध्याला टेप लावतात. शेवटचा वॉर्ड होईतो पहिल्या वॉर्डातली झाडं बदललेली असतात, आणि वॉचमनने आत सोडलं नाही तिथला आकडा अंदाजपंचे.

माझं म्हणणं: शहरावरून एकदा लायडारचं, म्हणजे लेझरने उंची मोजणाऱ्या यंत्राचं, उड्डाण करा. वरच्या पृष्ठभागाच्या उंचीतून जमिनीची उंची वजा केली की पर्णछत्राच्या उंचीचं रास्टर, म्हणजे चौकोनी पिक्सेलांचा नकाशा, मिळतं; त्यालाच सीएचएम म्हणतात. आसपासच्या सगळ्या पिक्सेलांहून उंच असलेला पिक्सेल हा झाडाचा शेंडा. तिथून वॉटरशेड पद्धतीने, म्हणजे शेजारच्या छत्राबरोबरच्या खाचेपर्यंत, खाली उतरलं की प्रत्येक झाडाचा पसारा वेगळा काढता येतो. 'आर' या संगणकभाषेतल्या लिडआर किंवा फॉरेस्टटूल्स या पॅकेजांनी हे सगळं फुकटात होतं. मग टेप कशाला?

बुंधा
शेंड्यांवरून झाडांचा आकडा निघत नाही, म्हणून टेप. ही पद्धत सूचिपर्णी झाडांना शोभते, त्यांना एकच टोकदार शेंडा असतो. आपला पर्जन्यवृक्ष घ्या. उंची वीस मीटर, पसारा तीस मीटर, वरून जवळजवळ सपाट आणि त्या सपाटीवर ठिकठिकाणी उंचवटे. प्रत्येक उंचवटा तुमच्या लेखी एकेक झाड. वडाचं तर विचारूच नका. पारंब्यांची खोडं झाली की तो एक की अनेक, यावर त्याच्या सावलीत उभं राहूनही भांडता येतं.

नकाशेवाला
यावर तोड कधीच निघाली आहे. पोपेस्कू आणि विन या संशोधकांनी २००४ मध्येच बदलती खिडकी वापरून दाखवली. खिडकी म्हणजे शेंडा ठरवताना आसपासच्या जेवढ्या भागाशी तुलना करायची तो भाग; झाड जितकं उंच, तितकी ही शोधखिडकी मोठी. लिडआरच्या मार्गदर्शक पुस्तकातलं उदाहरण आहे, उंचीचा दहावा हिस्सा अधिक तीन मीटर. म्हणजे १० मीटरच्या झाडाला ४ मीटरची खिडकी, ३० मीटरच्याला ६ ची. त्याआधी रास्टर थोडं गुळगुळीत करून घ्यायचं, म्हणजे फांद्यांचे उंचवटे बसतात.

पिक्सेलपंत
तेच सूत्र शहरात लावू. २० मीटरच्या पर्जन्यवृक्षाला ५ मीटरची खिडकी आणि छत्री तीस मीटरची. एकाची दहा झाडं होणार. आता सोसायटीच्या कुंपणाकडेचे उंच अशोक बघा. दहा मीटर उंच, दीड-दीड मीटरवर लावलेले. ४ मीटरच्या खिडकीत शेजारचा जरा उंच निघाला की मधला गायब. एक मीटरच्या पिक्सेलवर तर दोन झाडांमधली खाचही धड उमटत नाही. खिडकी वाढवली तर अशोक जातात, कमी केली तर पर्जन्यवृक्ष फुटतो. रास्टर गुळगुळीत केलं तरी हाच पेच.

खरी गंमत पुढे आहे. एकीकडचं जादा आणि दुसरीकडचं कमी बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतात. एकूण आकडा खऱ्याच्या जवळ येतो आणि अहवालात अचूकता झक्कास दिसते. नकाशावरचे निम्मे ठिपके मात्र नसलेल्या झाडांवर.

घाटवाट
शहराबाहेरचं सांगतो. महाबळेश्वरचं जांभूळ-अंजनी-पिसाचं रान वरून एकसलग गालिचासारखं दिसतं. शेंडे वेगळे करायला मधे दरी तर हवी! खालच्या थरातली झाडं सीएचएममध्ये येतच नाहीत, कारण ते फक्त वरच्या पृष्ठभागाचं रास्टर आहे. उतारावर आणखी एक भानगड. जमिनीची उंची वजा करताना छत्राची उताराकडची बाजू फुगते आणि शेंडा बुंध्यापासून सरकतो. सागवान एप्रिलमध्ये उडून मोजलंत तर पानंच नाहीत. जमीन छान मिळेल, छत्र फाटकं मिळेल.

कुतूहल
लायडार महाग आहे. ड्रोनचे फोटो नाही का चालणार? आणि मेटा (फेसबुकवाली कंपनी) व डब्ल्यूआरआय (वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट) यांनी २०२४ मध्ये जगभराच्या पर्णछत्राचा एक मीटर पिक्सेलचा उंचीनकाशा फुकट दिलाय, तो?

पिक्सेलपंत
दाट झाडीत फोटोला जमीन दिसत नाही. जमीन चुकली की उंची चुकली. आणि तो जागतिक नकाशा उपग्रहचित्रांवरून मॉडेलने वर्तवलेला आहे, सरासरी चूक २.८ मीटरच्या आसपास. मोठ्या प्रदेशाचा अंदाज घ्यायला उत्तम, पण रस्त्याकडेचा कांचन सगळा मिळून पाच-सहा मीटरचा असतो हो.

बुंधा
शिवाय त्याच १९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवलं. वयाचा अंदाज जात आणि घेरावरून बांधतात. सीएचएम यातलं काय देतं?

नकाशेवाला
काहीच नाही. पण पायी गणना जे देत नाही ते देतं. दोन वर्षांची रास्टरं एकमेकांतून वजा करा, कुठल्या भूखंडावर १५ मीटरचं छत्र नाहीसं झालं ते लगेच कळतं. रातोरात कापलेली झाडं पाच वर्षांनी टेप घेऊन कशी शोधणार?

बुंधा
हे शंभर टक्के मान्य. पण त्याला एकेक झाड वेगळं काढायची गरजच नाही, नुसती वजाबाकी पुरते. मग शेंड्यांचा अट्टहास का?

नकाशेवाला
कारण तोडीची परवानगी झाडागणिक मिळते, चौरस मीटरवर नाही. 'इथे ४०० चौरस मीटर छत्र कमी झालं' म्हटलं की बिल्डर म्हणणार, छाटणी केली. अमुक जागी अमुक उंचीचं झाड होतं, हे नोंदलेलं असलं तरच नोटीस टिकते.

पिक्सेलपंत
मग निविदेतच अट घाला. एकूण आकड्याची अचूकता ग्राह्य नाही. नमुना भूखंडांवर ठिपका आणि झाड एकास एक जुळवा. सुटलेली किती, जादा किती, हे वेगवेगळं दाखवा. पसरट झाडं आणि रांगेतली झाडं यांचा हिशेबही स्वतंत्र.

घाटवाट
आणि ते नमुना भूखंड ठेकेदाराला निवडू देऊ नका. तो बागेतली सुटी सुटी नारळाची झाडं दाखवून मोकळा होईल.