दत्तक घेतलेल्या कॉकर स्पॅनिएल कुत्रीचे कान आणि गुरगुरणे

प्रश्न: परदेशी गेलेल्या एका कुटुंबाची चार वर्षांची कॉकर स्पॅनिएल मादी आम्ही पुण्यात नुकतीच दत्तक घेतली आहे. ती सतत डोके झटकते, तिच्या उजव्या कानाला आंबूस वास येतो आणि जेवताना कोणी जवळ गेले की ती गुरगुरते. कान घरीच साफ करावेत का, आणि गुरगुरण्यावर काय उपाय करावा?

उत्तर १: ही लक्षणे बहुधा संसर्गाची आहेत. या जातीचे केसाळ कान खाली लोंबत असल्याने आत हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात ओल साचून बुरशी फोफावते. आधी पशुवैद्यांना दाखवा, कारण कानाचा पडदा फाटलेला असल्यास काही औषधांमुळे बहिरेपणा येऊ शकतो. कापसाची काडी तर मुळीच घालू नका. तिने मळ आणखी आत ढकलला जातो.

उत्तर २: सहमत. बरे वाटल्यावर कानांच्या आतल्या बाजूचे केस कातरून घ्यावेत आणि पाण्यासाठी अरुंद तोंडाचे, उंच भांडे ठेवावे. पसरट भांड्यात तिच्याआधी तिचे कानच पाणी पितात.

उत्तर ३: गुरगुरल्याबद्दल तिला रागावू नका, कारण ती इशारा देत आहे, आणि तो दाबून टाकला तर पुढे ती इशारा न देताच चावू शकते. ती जेवत असताना थोड्या अंतरावरून जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकत राहावे आणि तिचे अंग सैल दिसू लागल्यावरच अंतर कमी करावे. कान दुखत असेल तोवर मात्र हा सराव लांबणीवर टाकलेला बरा.