मठाधिपती कोण नेमत होतं?

संत बेनेडिक्टच्या नियमानुसार, म्हणजे ख्रिस्ती मठांसाठीच्या त्याच्या नियमावलीनुसार, भिक्षू स्वतःच मठाधिपती निवडत, म्हणून फ्रँक राज्यातले (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातले) मठ राजसत्तेपासून स्वतंत्र होते, असं म्हटलं जातं. नियमाच्या ६४व्या प्रकरणात निवडणूक आहे, हे खरं. व्यवहार मात्र फार वेगळा होता. मोठे मठ राजा आपल्या मर्जीतल्या माणसांना देत असे. फ्रँक राजा शार्लमेनने ७९६ मध्ये आपल्या दरबारातला विद्वान अल्क्विन याला तूर शहरातला सेंट मार्टिन मठ दिला. सेंट रिकिये मठाचा प्रमुख आंगिलबेर्ट हा दरबारी कवी. शार्लमेनची मुलगी बेर्था हिच्यापासून त्याला मुलं होती, त्यातला निठार्ड पुढे इतिहासकार झाला. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड तर लग्न झालेला असूनही एकाच वेळी अनेक मठांचा प्रमुख होता!

याचं मूळ जमिनीत आहे. मठांकडे प्रचंड शेती आणि कुळं होती, त्यामुळे राजाला त्यांच्याकडून वसुली हवी असे. ८१९ च्या सुमाराच्या एका यादीत मठांचे तीन गट केले आहेत: काहींनी राजाला भेटवस्तू आणि सैनिक द्यायचे, काहींनी फक्त भेटवस्तू, उरलेल्यांनी केवळ प्रार्थना करायची. मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

शिवाय सगळे मठ बेनेडिक्टचाच नियम पाळत नव्हते. आयरिश भिक्षू कोलंबानसचा नियम त्यात मिसळलेला असे. एकच नियम सर्वत्र लावायचा प्रयत्न अनियानच्या बेनेडिक्टने (हा नियम लिहिणाऱ्या बेनेडिक्टहून वेगळा, नंतरचा मठाधिपती) ८१६-८१७ मध्ये राजधानी आखेनच्या सभांमधून केला, तोही शार्लमेनचा मुलगा सम्राट लुई याच्या पाठबळावर. लुईने त्याच्यासाठी आखेनजवळच इंडा इथे मठ उभारून दिला होता.